दोन दारांची गाडी

खापा,
६ जानेवारी १९७४

ती. दादास,
सप्रेम जयभीम.

प्रेमिलेला दिवस गेल्याचं वहिनींच्या पत्रातून कळलं. आईला आता पणतवंड पाहायची घाई झाली असेल. प्रेमिलेला म्हणावं, भिलाईच्या पाण्यानं पोट बिघडत असेल तर उकळून पी आणि आंबट फार खाऊ नकोस.

एका कामासाठी लिहिते आहे. मागच्या आठवड्यात कोदेगावकडची एक बाई बैलगाडीतून माझ्याकडे आणली. मूल आडवं होतं. माझ्या दवाखान्यात होण्यासारखं नव्हतं, नागपूरलाच न्यायला हवी होती. बस निघून गेली होती. तीच बैलगाडी सावनेरकडे वळवली. ती बाई सावनेरही पाहू शकली नाही. तिची सासू परत येताना माझ्या ओट्यावर बसली आणि म्हणाली, "बाई, तुमच्याकडं इलाज हाये, पण चाक नाही."

मी गाडी घ्यायचं ठरवलं आहे. चालवायला येते, अमरावतीच्या नोकरीत जीपवर शिकले होते. नवीसाठी नंबर लावून बसायला मला वेळ नाही. सावनेरला एक जुनी टॅक्सी विकायला आहे. चार दारांची, जड, खूप पळालेली. पण तिला कुठलाही मिस्त्री खोलून परत जोडू शकतो. एकच गोष्ट, पेट्रोल फार पिते. लिटरला सातही देत नाही म्हणतात. तू नागपुरात आणखी कुठं काही आहे का ते पाहशील? तुला गाड्यांतलं कळतं आणि तू घाई करत नाहीस.

तुझी,
सुमती

—

अजनी, रेल्वे कॉलनी, नागपूर
१४ जानेवारी १९७४

चि. सुमीस,
जयभीम आणि आशीर्वाद.

तुह्यं पत्र आईले वाचून दाखवलं. ती म्हणे, माही पोरगी मोटर चालवन तं मी समोर बसन.

टॅक्सीचा विचार सोड. पेट्रोलचा भाव दिवाळीपासून कुठं जाऊन बसला ते तू पाहूनच राहिली. टॅक्सी भरोशाची आहे, मी नाही म्हणत नाही. पण जी गाडी इतकं पिते ती दारात उभी राहते. तू प्रत्येक वेळी किल्ली हातात घेऊन विचार करशील, की जाऊ का सकाळपर्यंत थांबू. अन् बाईच्या कळा काही तुह्यासाठी थांबणार नाहीत. जी गाडी काढताना जिवावर येत नाही तीच कामाची, असं मले वाटते.

धंतोलीत एका म्हाताऱ्या वकिलाची गाडी आहे. विलायती, लहान, दोन दारांची. वकील तिले कूपे म्हणतात. आमच्या रेल्वेत कूपे म्हणजे फर्स्ट क्लासातला दोघांचा डबा, म्हणून मले हसू आलं. तं ते म्हणाले, "ही पण दोघांचीच होती. आता मी एकटा राहिलो." पहिल्यापासून एकाच हातात आहे. रोज कोर्टात जाणं अन् येणं, बस. लिटरला चौदा-पंधरा देते म्हणतात. मी त्यांच्या म्हणण्यावर जाणार नाही, स्वतः मोजून पाहीन.

तुहा,
चंद्रभान

—

खापा,
१९ जानेवारी १९७४

ती. दादास,
सप्रेम जयभीम.

तुझं म्हणणं पटतं आणि भीतीही वाटते. विलायती गाडीचा एखादा भाग गेला तर मुंबईहून यायला महिना लागेल. टॅक्सी निदान रस्त्यात बंद पडली तर रस्त्यातच दुरुस्त होईल. दादा, माझ्या गाडीत हौसेनं कुणी बसणार नाही. पाटणसावंगीच्या पुढं कुठं ती उभी राहिली आणि मागं बाई असली तर मी काय करू?

तरी तू पाहा. तुझ्या डोळ्यांनी पाहिलेलं मला चालेल.

सुमती

—

अजनी, नागपूर
२९ जानेवारी १९७४

चि. सुमीस,
आशीर्वाद.

गाडी पाहिली. एकदा नाही, तीनदा. कामठी रोडवरच्या दादाजी मिस्त्रीले संग घेऊन गेलो. मी वकिलाले सांगून ठेवलं होतं, की आम्ही यायच्या आधी इंजिन गरम करू नका. थंडी मरणाची होती. पहिल्याच फटक्यात सुरू झाली. दुसऱ्या दिवशी न सांगता गेलो, तेव्हाही तसंच. धूर पांढरा नाही, काळा नाही. दादाजीनं प्लग काढून पाहिले, खाली झोपून पाहिलं, ब्रेक दाबून पाहिले. म्हणे, "चंद्रभानभाऊ, ही बाई घरंदाज आहे."

मंग टाकी खाली करून डब्यानं मोजून पेट्रोल टाकलं अन् कोराडीपर्यंत जाऊन आलो. खरंच पंधरा देते. चढावर जराशी कुरकुरते, पण थांबत नाही. पाणी तापत नाही. वकिलाकडं एक पेटी आहे, तिच्यात जास्तीचे पार्ट त्यांनी जपून ठेवले आहेत, ते पण देतात. म्हणजे मुंबईची काळजी दोन-चार वर्षं तरी नाही.

भरोसा अन् अ‍ॅव्हरेज दोन्ही एका गाडीत भेटत नाही म्हणतात. मले वाटते, आपल्याले भेटलं. तू रविवारी ये, चालवून पाय, अन् मनात आलं तं घेऊन जा. आई अंगणात खाट टाकून बसणार आहे.

चंद्रभान

—

खापा,
२१ मार्च १९७४

ती. दादास,
सप्रेम जयभीम.

गाडीची खुशाली कळवायची राहिली. ती एकदाही अडली नाही.

परवा बळीरामजींची सून भागीरथा हिला नागपूरला नेली. बळीरामजी म्हणजे इथले संत्र्याच्या बागांचे मालक, स्वतःचा ट्रक आहे. आजवर त्या घरानं मला ओसरीच्या वर बोलावलं नव्हतं. मी गेले तर पाणी विचारत, पण पेला वेगळा असे. ट्रक दिल्लीच्या मालाला गेला होता आणि सुनेचं पाणी जाऊन बराच वेळ झाला होता. बळीरामजी स्वतः आले आणि दाराशी उभे राहून म्हणाले, "बाई, तुमची मोटर." सून माझ्या शेजारच्या सीटवर बसली, सासू मागं. भागीरथेनं सगळ्या वाटेत माझ्या खांद्याला धरलं होतं. मुलगा झाला. दोघं ठीक आहेत.

काल बळीरामजींच्या घरून संत्र्यांची टोपली आली. भागीरथेच्या सासूनं स्वतः आणून दिली आणि माझ्या स्वयंपाकघरात बसून चहा प्याली.

तू म्हणालास तेच खरं. किल्ली घेताना मी विचार करत नाही. टॅक्सी असती तर केला असता.

सुमती

—

अजनी, नागपूर
१ मे १९७४

चि. सुमीस,
आशीर्वाद.

आठ तारखेपासून आम्ही काम बंद करणार. साऱ्या देशाचीच रेल्वे थांबणार. लोकांले आतापासूनच पकडून राहिले. क्वार्टर खाली करून घेतील म्हणतात, सामान रस्त्यावर फेकतील म्हणतात. मी मागं हटणार नाही, ते तुले माहीत आहे.

प्रेमिला पहिल्या बाळंतपणाले इथं आली अन् इथं हे असं. जावई भिलाईतून निघू शकत नाही. पोलीस दारावर आले तं तिच्या या अवस्थेत काय होईल सांगता येत नाही. आईले अन् तुह्या वहिनीले, प्रयागले, मी इंदोऱ्यात मावशीकडं ठेवतो. प्रेमिलेले तुह्याकडं पाठवून राहिलो. तिची आत्या डॉक्टर आहे अन् दारात गाडी आहे, मले तिची काळजी नाही.

चंद्रभान

—

इंदोरा, नागपूर
१४ जून १९७४

सुमती,

मी जेलातून सुटून आलो अन् आठवड्याच्या आत मले दवाखान्यातून निरोप आला. मी पोचलो तेव्हा तिच्यावर चादर होती. तू भिंतीशी उभी होती. मी तुले काही विचारलं नाही, तू काही बोलली नाही. तिच्या केसात रेती होती. कपाळाले खोक होती.

प्रयाग जेवत नाही. आई दिवसभर विचारते की बाळाचं तोंड कोणी पाहिलं का. मी सांगतो, ते पोटातच गेलं, कोणी नाही पाहिलं. ती थोड्या वेळानं पुन्हा विचारते.

मले एक सांग. तुह्या दारात गाडी होती. मी स्वतः पाहून घेतलेली. मंग माही पोरगी रेतीच्या ट्रकात काहून आणली?

चंद्रभान

—

खापा,
१८ जून १९७४

ती. दादास,

तुझं पत्र मिळालं.

प्रेमिलेच्या पायांवर सूज होती. मी मीठ बंद केलं होतं, औषध चालू होतं. त्या दिवशी दुपारी जेवून उठली आणि डोकं दुखतं म्हणाली, डोळ्यांपुढं अंधारी येते म्हणाली. मी ब्लडप्रेशर पाहत होते तेवढ्यात पहिला झटका आला. इंजेक्शन दिलं. दुसरा आला. अशा बाईला नागपूरलाच न्यावं लागतं, माझ्याकडे इलाज नव्हता.

गाडीत पेट्रोल नव्हतं. आदल्या दिवशी मी बडेगावला एका रोग्याकडे जाऊन आले आणि भरायचं राहून गेलं. पंप सावनेरला आहे. बळीरामजींचा ट्रक नदीवरून रेती घेऊन यायचा होता, तो येईपर्यंत वेळ गेला. रेतीवर गाद्या टाकून तिला नेलं. कपाळाची खोक ट्रकात लागली. मी तिचं डोकं धरलं होतं, पण झटका आला तेव्हा सुटलं.

गाडीत काही खोट नव्हती. चूक माझी आहे.

सुमती

—

इंदोरा, नागपूर
२३ जून १९७४

सुमती,

लिटरले पंधरा देणारी गाडी तुले भरून ठेवता आली नाही.

इथं येऊ नको. आईले भेटायले पण नाही. पत्र टाकू नको.

चंद्रभान

—

खापा,
२८ ऑक्टोबर १९७४

ती. दादास,
सप्रेम जयभीम.

पत्र टाकू नको म्हणालास, तरी एकदा टाकते.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर आले होते. नेहमीच्या झाडाखाली तुम्ही सगळे बसला होता. मी जवळ आले नाही. आई खूप वाळली आहे. गर्दीत माझ्यासारखी पांढरं लुगडं नेसलेली कोणी बाई गेली की ती मान वळवून पाहत होती. तिला धाप लागते आहे हे मला लांबूनही दिसलं. पायांवर सूज असेल. तिला मोठ्या डॉक्टरांना दाखव. मी सांगितलं असं म्हणू नकोस. तपासताना त्यांना म्हणावं, झोपल्यावर श्वास लागतो का तेही विचारा.

तुला परत कामावर घेतल्याचं कळलं. बरं वाटलं.

सुमती

—

(पोस्टकार्ड)

इंदोरा, ९ डिसेंबर १९७४

आई शुक्रवारी गेली. सर्व आटोपलं आहे. येऊ नये.

चं.

—

इंदोरा, नागपूर
२६ फेब्रुवारी १९७५

सुमे,

हे पत्र मी तीनदा सुरू केलं.

सोमवारी पार्सल ऑफिसात तुह्या गावचे बळीरामजी आले होते. संत्र्याच्या पेट्या कलकत्त्याले बुक कराच्या होत्या. मी त्यांले ओळखलं नाही, त्यांनीच मले ओळखलं. त्या दिवशी दवाखान्यात ट्रकच्या संग तेच आले होते. म्हणाले, "साहेब, तुमची पोरगी माह्या डोयापुढून हालत नाही." मी म्हणलं, तुमचे उपकार आहेत, तुमचा ट्रक होता म्हणून तेवढं तरी झालं, गाडीत पेट्रोलच नव्हतं.

"पेट्रोल काहून नव्हतं?" ते म्हणाले. "गाडी तं चालूच होती, साहेब. बाईनं इंजिन बंदच केलं नव्हतं. पोरगी अंदर जाईना. दोन तं दारं, समोरची सीट वाकवली का मागं जागा केवढीशी. आमी चौघं होतो. डोकं अंदर गेलं का पाय अडत. तिचं आंग कसं लाकडावानी झालं होतं. मधातच झटका आला अन् कपाळ दाराच्या पत्र्याले लागलं. बाहेर काढलं. समोर बसवून पाहिलं, तं खाली घसरे. मंग सीट खोलाले बसलो, तं नट जाम. बाई स्वता पाना घेऊन फिरवत होती, हाताचं रगत निघालं तिच्या. मंग म्या ट्रक आणाले पळालो. ट्रक नदीत होता."

मी पेट्या तशाच सोडून बाहेर जाऊन उभा राहिलो. माह्या जागी दुसऱ्यानं काम केलं.

धूर पाहिला, प्लग पाहिले, ब्रेक पाहिले, पेट्रोल मोजलं. इंजिन चालते का नाही, अन् किती पिते, एवढंच मी पाहत राहिलो. मागची जागा तेवढी मी पाहिली नाही. एकदा मागं बसलो असतो तरी समजलं असतं. मी तीनदा गेलो अन् तीनही वेळा समोर बसलो.

आता दुसरं सांगतो. आई जायच्या दिवशी सकाळपासून विचारत होती, सुमी आली का. तुले निरोपच देला नव्हता. मी म्हणलं, निरोप देला आई, पण ती येत नाही म्हणते. प्रयाग माह्याकडं पाहत राहिली. आईनं भिंतीकडं तोंड केलं. त्यानंतर ती कोणाशी बोलली नाही.

हे तुले न सांगता राहता आलं असतं. पण तू मले एक खोटं सांगतलं अन् त्याच्यापायी मी आईले दुसरं सांगतलं, अन् आता ते कोणाले फिरवता येत नाही. तू काहून असं केलं, सुमे? मी तुले आठ महिने मनातल्या मनात काय काय म्हणलं ते तुले माहीत नाही. मले तेव्हाच सांगतलं असतं तं मी काय केलं असतं, ते मलेही माहीत नाही. पण आईले तं तू दिसली असती.

तू ये म्हणली तं मी येतो. नाही म्हणली तरी मले समजन.

दादा

—

खापा,
१५ मार्च १९७५

प्रिय दादा,

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र वाचलं आणि बंद करून ठेवलं. नंतर एक बाळंतपण अवघड होतं, त्यात दोन दिवस गेले. मग पुन्हा काढलं.

गेल्या जूनमध्ये तुझा प्रश्न आला तेव्हा मी आधी खरं तेच लिहिलं होतं. लिहून झाल्यावर वाचलं. प्रत्येक ओळीत ती गाडी होती, आणि ती तू थंडीत दोन दिवस पहाटे जाऊन सुरू करून पाहिली होतीस. तू नुकताच जेलातून सुटला होतास, घर गेलं होतं, पोरगी गेली होती. मी ते पत्र चुलीत घातलं. दुसरं लिहिताना वाटलं, दादा चिडेल, दोन-चार महिने बोलणार नाही, मग वहिनी समजूत घालतील. एवढंच वाटलं. आई त्यात सापडेल असं माझ्या मनात आलं नाही. यायला हवं होतं.

आणि ते सगळंच खोटं नव्हतं. चूक माझी आहे असं मी लिहिलं, ते खरं होतं. आपण दोघांनी पत्रांवर पत्रं लिहिली, बंद पडेल का, किती पिईल. डॉक्टर मी आहे. बेशुद्ध बाई आडवीच न्यावी लागते हे तुला कळण्याचं कारण नव्हतं, मला होतं. मी धंतोलीला आले, गाडी चालवून पाहिली, आणि मीही समोरच बसले होते. नंतरच्या सगळ्या बाया बसून गेल्या, म्हणून माझ्या लक्षात आलं नाही.

गाडी वेळेवर निघाली असती तर प्रेमिला वाचली असती का, हे मला सांगता येत नाही. तुझं मन राखायला हे लिहीत नाही, आता तसं लिहिणार नाही. अशा झटक्यांत काही बाया वाचतात, काही वाचत नाहीत. तिला वाचायची संधी मिळाली नाही, एवढं मला ठाऊक आहे. ट्रकात ती एकदा शुद्धीवर आली. "आत्या, ऊन लागते," म्हणाली. मी पदर धरला. हे मी वहिनींना कधी सांगितलं नाही, तू सांग किंवा नको सांगू.

आईचं तू जे लिहिलंस त्यावर मला आज काही लिहिता येत नाही. पुढं कधी येईल असंही म्हणत नाही. तू ते लपवलं नाहीस, ते मी वाचलं.

तू ये. वहिनींना यायचं असेल तर त्यांनाही घेऊन ये. नसेल तर एकटा ये. आल्यावर लगेच बोललंच पाहिजे असं नाही.

सकाळच्या बसनं निघालास तर उन्हाच्या आत पोचशील. मी गाडी घेऊन स्टँडवर येणार नाही. ती मी विकली नाही, इथल्या बायांना दुसरी कुठली गाडी नाही. सावनेरच्या लोहाराकडून नट कापून घेतले आणि शेजारची सीट काढून टाकली. तिथून मागच्या सीटपर्यंत एक लांब फळी बसवली आहे, तिच्यावर गादी. बाई दारातून सरळ आत सरकते. या वर्षात बऱ्याच जणी त्या फळीवरून गेल्या, बहुतेक परत आल्या. पण चालवणाऱ्याखेरीज बसून जाणाऱ्या माणसाला आता त्या गाडीत जागा नाही.

म्हणून मी चालत येईन. स्टँडपासून दवाखाना लांब नाही, आपण दोघं चालत जाऊ.

तुझी,
सुमी